एका डोलकाठीवर दोन दोरे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणच्या दांडी किनाऱ्यावर राहणाऱ्या काकींचा फोन आला. "झिला, जहाजाची मधली काठी वाकली हा. येवन बघून जा." जहाज त्यांच्या घरी पोचवून जेमतेम महिना झाला होता. प्लास्टिकचं, जुळणी करायचं, 'कटी सार्क' या जुन्या शिडाच्या जहाजाचं १:९६ मापाचं मॉडेल. पावसात भिजत गेलो आणि बघितलं तर खरंच, तिन्ही डोलकाठ्यांपैकी मधली उजवीकडे कललेली, टोकाशी सहा मिलिमीटर. पुढची सरळ, मागची सरळ, आणि मधली दारू प्यायल्यासारखी.

माझं मालवणात बोर्ड आणि स्टिकरचं दुकान आहे. अॅक्रिलिकची अक्षरं, नंबर प्लेट, होड्यांवरची नावं हा धंदा. प्लास्टिक कापणं, चिकटवणं, रंगवणं रोजचंच, म्हणून गावात कुणाचं काही मोडलं की माझ्याकडे येतं. मार्चअखेर काकी पत्र्याच्या ट्रंकेतला खोका घेऊन आल्या तेव्हाही मला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं.

काका मर्चंट नेव्हीत होते. १९७० नंतरच्या कुठल्याशा फेरीत लंडनला बोट लागली असताना त्यांनी ग्रीनिचच्या कोरड्या गोदीत उभं असलेलं खरं कटी सार्क बघितलं आणि येताना हा खोका आणला. साचा त्याहून जुना, १९५९ साली अमेरिकेत बाजारात आलेला. काकांनी सुट्टीत जुळणी सुरू केली, पुढच्या बोलावण्यावर निघून गेले, आणि तसं करता करता खोका माळ्यावर गेला. आता काका नाहीत. मुलगा गणपतीला येणार, त्याआधी जहाज उभं राहायला हवं, एवढंच काकींचं म्हणणं.

"विलायती जहाज कित्याक आणलानी तेंनी, आपल्याकडे काय होडये नाय?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, जसं काही मीच आणलं होतं. उत्तर तसं आहे. कटी सार्क १८६९ साली स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला पाण्यात उतरलं, चीनचा चहा लंडनला आणण्यासाठी. उतरलं २२ नोव्हेंबरला, आणि त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा उघडला होता. शिडाच्या जहाजांना कालव्याचा उपयोग नाही, आगबोटींना आहे. म्हणजे हे जन्मालाच उशिरा आलं. १८७२ मध्ये थर्मोपिली या जहाजाशी शर्यत लागलेली असताना हिंदी महासागरात त्याचं सुकाणूच तुटून गेलं. जहाजावरच्या सुताराने शिलकीच्या लाकडांतून भर समुद्रात नवं सुकाणू केलं, आणि एवढं होऊनही ते प्रतिस्पर्ध्यामागे फक्त आठवडाभर उशिरा लंडनला पोचलं. काकांना हीच गोष्ट आवडायची म्हणे. दर्यावर्दी माणसाला जिंकलेल्या जहाजापेक्षा मोडून घरी आलेलं जहाज जवळचं वाटत असावं.

खोक्यात काय होतं

जहाजाच्या दोन्ही कुशी, म्हणजे बाजू, चिकटवून, रंगवून झालेल्या. डेकचे तुकडे सुटे आणि वाकलेले, कारण पन्नास वर्षं खोक्यावर दुसऱ्या पेट्यांचं ओझं होतं आणि वर तापलेली कौलं. पॉलिस्टायरीन माळ्यावरच्या उन्हाने वितळत नाही, त्याला शंभराच्या आसपास तापमान लागतं. पण सतत भार असला की ते मुंगीच्या पावलाने वाकतं आणि मग तसंच राहतं. शिडं म्हणजे पातळ प्लास्टिकचे फुगवलेले पत्रे, पिवळे पडून पापडासारखे कडक. नाव छापलेला पाण्याने सोडवायचा स्टिकर तर हातातच भुगा झाला. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना खलाशी चढायच्या ज्या जाळ्या असतात, त्या या संचात तयार आल्या होत्या, दोऱ्यावर प्लास्टिकचा मुलामा देऊन. त्या उचलल्या आणि मुलामा शेवयांसारखा तुटून पडला.

पण काकांना त्या तशाही नको होत्या. मधल्या डोलकाठीचा खालचा भाग त्यांनी उभा केला होता आणि तिच्या डाव्या बाजूची जाळी स्वतः बांधली होती. उभे तणावे, म्हणजे डोलकाठीला कडेकडून धरून ठेवणारे दोर, त्यावर आडव्या पायऱ्या, आणि प्रत्येक छेदावर खुंटगाठ. साधी गाठ मारून गोंदाचा थेंब लावला असता तरी कुणाला कळलं नसतं. इथे भिंगाखाली बघितलं तर एकूण एक गाठ बोटीवर मारतात तशी. मी मोजल्या. एकशे चाळीसच्या वर भरल्या. दोन पायऱ्यांमधलं अंतर बरोबर चार मिलिमीटर. खऱ्या जहाजावर साधारण पंधरा इंच असतं, त्याला ९६ ने भागलं की एवढंच येतं. उजवी बाजू मात्र रिकामी होती.

काकींची एकच अट. "तेंनी केलेला ता तसाच रवांदे."

माझं काम

वाकलेले डेक सरळ करणं सोपं. हात जेमतेम सोसेल त्याहून थोडं गरम पाणी परातीत घ्यायचं, तुकडा पाच मिनिटं बुडवायचा, काचेवर ठेवून वर दुसरी काच आणि त्यावर रंगाचे डबे. घाई करून उकळतं पाणी ओतलंत तर तुकडा कामातून गेला. दोन वेळा करावं लागलं.

चिकटवायला आमच्या धंद्यातलं अॅक्रिलिक जोडायचं पाणी वापरलं, म्हणजे डायक्लोरोमिथेन. बाजारात सगळे त्याला क्लोरोफॉर्मच म्हणतात. ते गोंद नव्हे. दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतं आणि स्वतः उडून जातं. चाळीस अंशांना उकळणारा पदार्थ, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी बाटलीचं झाकण उघडं राहिलं की बाटली रिकामी. सुया लावलेल्या सिरिंजने फटीत एक थेंब सोडायचा, तो आपोआप आत धावतो. हे काम पडवीत, वाऱ्यावर करायचं. बंद खोलीत नाही. बारीक फटी फेवीक्विक आणि टाल्कम पावडरने भरल्या, मोठ्या एम-सीलने.

पाण्याखालचा भाग काकांनी तांबड्या तांब्याच्या रंगात रंगवला होता, आणि इथे मी त्यांचं ऐकलं नाही. खऱ्या जहाजाच्या तळाला मुंट्झ धातूचा पत्रा होता, ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त, म्हणजे एक प्रकारचं पितळच. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून तळ वाचवायला. आपल्याकडे त्याच कामासाठी होड्यांना मुशीचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल लावत आले. पितळेचा रंग पिवळट, म्हणून सोनेरीत तांबडा मिसळून पातळ हात दिला, खाली काकांचा ब्रश दिसेल इतपत. काकींना विचारलं, त्या म्हणाल्या, "पितळ तर पितळ."

नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, एक बाई आहे. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली चेटकीण, घोड्याचं शेपूट उपटून धरलेली. तिच्या अंगातल्या तोकड्या झग्यावरूनच जहाजाचं नाव पडलं. संचातल्या बाईचा पंजा शाबूत होता पण शेपूट तुटलेलं. खऱ्या जहाजावर शिकाऊ पोरं जुन्या दोराचे धागे पिंजून तिच्या हातात शेपूट बांधायची असं सांगतात. मी सुंभातला काथ्या उकलून चार तंतू लावले. पूर्ण जहाजात मला सगळ्यात जास्त समाधान या अर्ध्या इंचाने दिलं.

स्टिकरच्या जागी व्हिनाइलची अक्षरं कापून बघितली, ती एवढ्या मापावर चपलेसारखी जाड दिसत होती. मग हातानेच रंगवली. शिडं लावलीच नाहीत. नुसत्या काठ्या आणि दोर बरे दिसतात, आणि पिवळे पत्रे खोक्यातच शोभतात.

आता दोरांचं. पुढच्या आणि मागच्या डोलकाठीला मी आतून माणग्याच्या काठीचा गाभा घातला. माणगा आपल्याकडचा भरीव बांबू, तासून पेन्सिलीपेक्षा बारीक केला तरी वाकत नाही. जुन्या प्लास्टिकच्या पोकळ काठीवर पंधरा-वीस दोरांचा ताण आला की ती वाकणार, हे उघड होतं. मधलीला गाभा घातला नाही, कारण ती काढायची म्हणजे काकांची जाळी सोडायची.

काकांची जाळी काळ्या रंगाची होती. मी शिंप्याच्या दुकानातून तेवढ्याच जाडीचा काळा सुती दोरा आणला, मेणातून ओढला म्हणजे लव बसते, आणि उजवी बाजू त्यांच्यासारखीच, खुंटगाठी मारून बांधली. सोळा संध्याकाळी गेल्या. बाकीचे तणावेही त्याच दोऱ्याचे. हे सगळं मी दुकानाच्या मागच्या खोलीत केलं, जिथे छपाईचं मशीन आहे आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी चालतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

चुकलेले अंदाज

पहिला अंदाज: नातवाने हात लावला. काकींनी तो लगेच खोडून काढला, नातू अजून मुंबईलाच होता.

दुसरा अंदाज माझा लाडका होता: जुनं प्लास्टिक. गाभा फक्त याच काठीत नाही, तीच वाकली, मग आणखी काय शोधायचं? हेअर ड्रायरच्या मंद हवेने काठी कोमट केली, सरळ धरली, गार होऊ दिली. सरळ झाली. चौथ्या दिवशी पुन्हा फोन.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काकींनी जे सांगितलं ते मी आधीच विचारायला हवं होतं. मधे तीन दिवस पावसाने उघडीप दिली होती, लख्ख ऊन. त्या तीन दिवसांत काठी आपोआप जवळजवळ सरळ आली होती आणि पाऊस लागल्यावर पुन्हा कलली. प्लास्टिक एकदा वाकलं की उन्हं बघून सरळ होत नाही. म्हणजे काठी आजारी नव्हतीच, तिला कुणीतरी ओढत होतं.

तेव्हा पहिल्यांदा मी काठी सोडून दोर बघितले. माझ्या बाजूचे तणावे सतारीसारखे ताठ. नखाने छेडले तर वाजत होते. काकांच्या बाजूचे सैल, किंचित पोटात आलेले. पुढे वाकून बघितलं तर नाळेवरून बाहेर गेलेल्या तिरक्या काठीचं टोकही वर उचललेलं, तीनेक मिलिमीटर. ते दोरही माझेच.

काकांच्या जाळीच्या खाली एक सुटं टोक होतं, अर्ध्या सेंटिमीटरचं. काकींसमोर ते कापलं आणि काडी लावली. जळून राख झाली असती तर सूत. ते आक्रसलं, वितळलं आणि काळा मणी झाला. नायलॉन. जाळं विणायचा दोरा उसवून त्याची एक पिळी घेतलेली, वर काळा ऑइल पेंट. रंग सारखा म्हणून दोरा सारखा, असं मी दोन महिने धरून चाललो होतो. दांडीवरच्या घरात, जिथे शेजारी जाळी वाळत पडलेली असतात, तिथे माणूस दोरा आणायला शिंप्याकडे कशाला जाईल?

हिशेब

सुती दोरा दमट हवेत पाणी पितो. नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल असते, नायलॉनमध्ये चारेक टक्के, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पण ओल पिऊन दोन दोरे दोन वेगळ्या गोष्टी करतात. सुताचे तंतू फुगतात आणि पीळ असलेला दोरा जाडीला वाढून लांबीला आखडतो. ओला काथ्याचा दोर खुंटीवरून निघत नाही ते याचमुळे. शिडांच्या जहाजांवर पाऊस आला की खलाशी दोर ढिले करत फिरायचे तेही याचमुळे. नायलॉन उलट थोडा लांबतो.

खात्री करायला मी घरच्या न्हाणीघरात तिन्ही दोरे एक-एक मीटर लांब टांगले, खाली सारख्या वजनाचे नटबोल्ट, मागे भिंतीवर पट्टी. बादलीत कढत पाणी सोडून दार लावलं. बायकोने काय चाललंय ते विचारायचंही सोडून दिलं आहे. तासाभराने सुताचा बोल्ट सात-आठ मिलिमीटर वर सरकला होता, नायलॉनचा किंचित खाली, पॉलिस्टरचा होता तिथेच.

मीटरला आठ मिलिमीटर म्हणजे माझ्या वीस सेंटिमीटरच्या तणाव्याला दीड. दीड मिलिमीटरने काठी सहा मिलिमीटर कशी कलेल? इथे जहाजाचा आकार आडवा येतो. कटी सार्क ३६ फूट रुंद, म्हणजे या मापावर साडेअकरा सेंटिमीटर. डोलकाठीपासून कडेपर्यंत जेमतेम पावणेसहा. तणावा वीस सेंटिमीटर आणि पाया पावणेसहा, असा उभट त्रिकोण. तणावा जेवढा आखडेल त्याच्या साडेतीन पट टोक सरकतं, जर समोरच्या बाजूने कुणी धरून ठेवलं नसेल. आणि समोरची बाजू तर ढिली पडत होती. दीड गुणिले साडेतीन, सव्वापाच. उरलेलं नायलॉनने दिलं.

बाकीच्या दोन डोलकाठ्या का बचावल्या तेही यात आलं. त्यांना दोन्हीकडे माझाच सुती दोरा होता. दोन्ही बाजू सारख्याच आखडल्या आणि आत माणगा होता, त्याने दाब घेतला.

उरला एसी. मशीनच्या खोलीतला आर्द्रता मापक पन्नासच्या आसपास दाखवतो. तोच मापक जुलैत काकींच्या ओटीवर ठेवला तर त्र्याण्णव. मी कोरड्या खोलीत दोर घट्ट ओढून बांधले आणि जहाज समुद्रापासून शंभर पावलांवरच्या घरात नेऊन ठेवलं. खऱ्या कटी सार्कला हा त्रास नव्हता, त्याच्या डोलकाठ्यांना धरणारे दोर लोखंडी तारेचे होते.

दुरुस्ती

सरळ उपाय म्हणजे काकांची जाळी काढून दोन्हीकडे एकच दोरा. तो मी काकींना सुचवलाही, कारण कारागीर म्हणून तोच बरोबर होता. त्यांनी चहा पुढे केला आणि विषय बदलला.

मग ठरवलं की काठी दोरांच्या भरवशावर ठेवायचीच नाही. मधल्या डोलकाठीचा वरचा टप्पा उतरवला. खालचा भाग दोन पन्हळी चिकटवून केलेला, म्हणजे आतून पोकळ. वरचं तोंड बारीक ड्रिलने मोकळं केलं आणि सायकलचा स्पोक वरून आत सोडला. दोन मिलिमीटर जाड, एकोणतीस सेंटिमीटर लांब. डेकच्या वर वीस, खाली तळापर्यंत सहा; वर उरला तो वरच्या टप्प्याला आधार. आत आधी सिरिंजने अराल्डाइट सोडलं होतं. रात्रभर काठीला दोन बाजूंनी पट्ट्या बांधून सरळ धरली. काकांच्या एकाही गाठीला हात लागला नाही.

नंतर माझा सगळा सुती दोरा काढला. सोळा संध्याकाळींचं काम कापायला चाळीस मिनिटं लागली. त्याच जाडीचा पॉलिस्टरचा दोरा आणून सगळं परत बांधलं, यावेळी काकींच्याच ओटीवर, पावसाच्या हवेत. दुसऱ्या खेपेला बारा संध्याकाळी. हात बसला होता.

काचेऐवजी अॅक्रिलिकची पेटी केली. पेटी जोडल्यावर आठ दिवस रिकामी ठेवली, कारण जोडाचं पाणी उडत असताना आत जहाज ठेवलं तर तीच वाफ प्लास्टिकवर बसते. मागच्या बाजूला दोन भोकं आणि खालच्या खणात सिलिका जेल. कोरडं असलं की निळं, ओल प्यायलं की गुलाबी. तव्यावर मंद भाजलं की पुन्हा निळं. काकी ते आठवड्याला भाजतात, पापडांबरोबर.

एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली. नारळी पौर्णिमेला दांडीवर शाकारलेल्या होड्यांवरची झापं निघाली तेव्हा जहाज पेटीत होतं, काठी सरळ. डावीकडची जाळी मात्र अजून थोडी पोटात आलेली, कारण नायलॉन आहे आणि राहणार. मी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला लागलो तर काकी म्हणाल्या, "पावसात ढिलीच पडतली ती. दिवाळयेक बघ." दिवाळीत गेलो. ताठ होती.

स्टँडच्या खाली मार्करने लिहून ठेवलंय: मधली डोलकाठी, डावी बाजू नायलॉन, बाकी सगळं पॉलिस्टर, आत सायकलचा स्पोक. पुढे कधी हे कुणाच्या टेबलावर आलं तर त्याचा जुलै तरी वाचेल.